घरच्या कार्याला घरची टीप

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना सुरुवात होते आणि लेडीज टेलर फोन उचलेनासे होतात. ‘ताई, दिवाळीआधी टाकायला हवा होता’ हे वाक्य कार्तिकात किती जणींनी ऐकलं असेल! हा अंक हातात पडेल तेव्हा बऱ्याच घरांत पत्रिकेचा मजकूर ठरत असेल, केळवणाच्या तारखांची ओढाताण चालू असेल आणि करवलीच्या साडीवरचा ब्लाऊज कोण शिवणार, हा विषय अजून कुणी काढलेलाच नसेल. त्याच घरात कोपऱ्यात शिलाई मशीन असतं. त्यावर इस्त्रीचे कपडे आणि खणात आईच्या वेळचा बॉबिनचा डबा.

ते कपडे उचलून मशीन उघडावं असं माझं म्हणणं आहे. पैसे वाचतील म्हणून नव्हे. अस्तर, हूक, लेस आणि बाजाराच्या खेपा धरल्या तर वाचणारी रक्कम फार मोठी नसते. घरी शिवण्याचा खरा लाभ म्हणजे कपडा आपल्या अंगाचा होतो आणि कापडातला कुठला तुकडा कुठे जाणार हे आपण ठरवतो. मात्र त्यासाठी काय शिवायचं आणि काय शिवायचं नाही, याची निवड आधी नीट करावी लागते.

ही मशीनं आपल्याकडे रुळली त्याची हकिकत गमतीची आहे. आयझॅक सिंगरने अमेरिकेत पेटंट घेतलं १८५१ मध्ये. एलियस हाउचं त्याआधीचं, १८४६ चं. सिंगरच्या कंपनीने मशीनं हप्त्यांवर विकली आणि ती जगभर पोचली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये ज्या एका यंत्राला अपवाद म्हणून मान दिला, ते सिंगरचं शिलाई मशीन. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते काढलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक, मुलं वीसच्या वर, आणि नजर पक्की धंद्यावर! पुढे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने ‘उषा’ आणली आणि मशीन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. इकडे पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात १९०९ पासून बायका शिकायला येत होत्या. शिवण हा तिथला महत्त्वाचा विषय. नंतरच्या पिढ्यांनी के. आर. झारापकरांच्या पुस्तकातून कटिंग गिरवलं. मुलीला आंदणात मशीन देण्याची पद्धत पडली आणि रुखवतात तिच्या हातचं शिवण-विणकाम मांडलं जाऊ लागलं. म्हणजे लग्न आणि घरची शिलाई यांचं नातं जुनंच आहे. मधल्या काळात ते बुटीकवाल्यांकडे गेलं, इतकंच.

निवडीकडे वळू. नवरीच्या वस्त्रांच्या वाटेला जाऊ नये. अष्टपुत्रीला सुई लागतच नाही. शालूवरचा आरीवर्कचा ब्लाऊज हे कारागिराचं काम. त्यात कापड आधी चौकटीवर ताणून भरतकाम होतं आणि कटिंग नंतर. नवशिकीने सुरुवात हळदीपासून करावी. पिवळ्या सुती कापडाचा सरळ कुर्ता, दोन बाजूंना चिरा, गळ्याला उरेब पट्टी. बिघडला तरी तो हळदीने माखणारच आहे. (हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नये, धुऊन कडक उन्हात वाळवत राहिलं की फिकटत जातो.) पुरुषमंडळींचे कुर्तेही सोपे असतात, कारण त्यात अंगाला चिकटून बसावं असं काही नसतं. अंतरपाट तर जरूर घरी करावा. चारी कडा दुमडून टीप मारायची, मधोमध स्वस्तिक भरायचं की झालं.

पण सगळ्यात समाधान देणारं शिवण विचाराल तर मी परकर-पोलक्याचं नाव घेईन. लग्नात बागडणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी आजीच्या जुन्या काठापदराच्या साडीतून केलेलं. हल्ली हीच कल्पना मोठ्या मुलींसाठी ‘लेहेंगा’ म्हणून मिरवते. त्यातलं गणित एकदा समजलं की दोन्ही जमतात.

काठ साडीच्या लांबीला धरून सरळ धावतो. म्हणून परकर कापताना साडी आडवी धरायची: साडीची लांबी कमरेभोवती फिरते आणि तिचा पन्हा परकराची उंची होतो. पन्हा साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच. सात-आठ वर्षांच्या मुलीचा परकर अठ्ठावीस इंच धरला, नेफ्याला दोन इंच आणि वाढत्या अंगासाठी काठाच्या वर आतून घालायच्या दुमडीला तीन इंच सोडले, तरी वर बारा-तेरा इंचांची पट्टी उरते, आणि तिला दुसरा काठ असतो. तिच्यातून पोलकं निघतं. बाह्यांना काठ, अंगाला बुट्टी. खालची कड दुमडायची गरज नाही, साडीची किनार मुळात पक्की असते. अडीच मीटर लांबीत घेर छान होतो. जाड रेशमाला कमरेच्या तिप्पट घेर पुरे. त्याहून जास्त घेतला तर नेफ्यात चुण्यांचा गठ्ठा होतो आणि मूल दिवसभर कंबर खाजवत बसतं.

इथेच हौशी बायका फसतात. इंटरनेटवर बघून काठाच्या साडीचा अंब्रेला घागरा करायला घेतात. गोल कापायला हरकत नाही. कमरेच्या मापाला सव्वासहाने भागलं की आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते, अठ्ठावीस कमरेला साडेचार इंचांच्या आसपास. पण सरळ काठ गोलाईवर बसेल कसा? तो कापून वेगळा लावावा लागतो आणि वळणावर उचलला जातो. शिवाय गोल कापडात काही भाग उरेब येतो, तो टांगल्यावर लोंबतो आणि खालची कड खाली-वर होते. काठ मिरवायचा असेल तर चुण्यांचाच परकर. अंब्रेला बिनकाठाच्या कापडाचा करावा, आणि कड दुमडण्याआधी एक रात्र टांगून ठेवावा.

जुन्या साडीला कात्री लावण्यापूर्वी ती उजेडासमोर धरायची. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच विरतं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणावं. चर्र झालं तर ती घडी वगळून तुकडे काढायचे, किंवा पातळ सुती अस्तराला आतून धरून घ्यायचं. पदर शक्यतो अखंड ठेवावा, त्याची ओढणी होते. आणि आजी हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय कात्री चालवू नये, हे सांगायला नकोच.

आता ब्लाऊज. आपल्याकडे पूर्वी पुढे गाठ मारायची खणाची चोळी होती; मग पोलकं आलं, झंपर आला. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या, पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा बघून त्यांनी ती उचलली आणि तिच्यासोबत शिवलेली अंगातली वस्त्रं बंगालात नेली. आजच्या ब्लाऊजच्या जडणघडणीत मुंबईचा असाही हातभार आहे. खण मात्र आपल्याकडे अजून येतो तो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. मुळात तो अरुंद पन्ह्याचा, दोन्हीकडे काठ असलेला, एका चोळीपुरता विणायचा माल. ओटीत आलेले जुने खण कपाटात असतील तर पहिला ब्लाऊज त्यांचाच शिवावा. कापड सुती मिश्रणाचं असलं तर सुईखाली निसटत नाही.

स्वतःचा ब्लाऊज स्वतः शिवण्यातली अडचण मापाची आहे. हात वर केला की छाती बदलते, मान खाली घातली की पाठीची उंची बदलते. माप दुसरीनेच घ्यायला हवं; बहीण, जाऊ, कुणीही. छातीच्या मापाचा चौथा भाग हा कटिंगचा पाया: छत्तीसला नऊ इंच, त्यात सैलपणा आणि शिलाईची माया मिळवायची. परगावच्या मावशीसाठी शिवायचा तर ‘मापाचा ब्लाऊज’ मागवतात, पण तो वापरून ताणलेला असतो. त्यावरून छापलेला नवा ब्लाऊज ढगळ होतो. मावशीला टेप धरायला लावावा.

आणि भारी कापडाला हात घालण्याआधी मांजरपाटाचा एक कच्चा ब्लाऊज शिवायचाच. ही पायरी गाळू नका, कारण रेशमाला दुसरी संधी नसते. उसवलं की सुईची भोकं दिसतात. मांजरपाटावर टक्स कमी-जास्त करा, मुंढा काचतो का बघा, टक्सचं टोक उंचवट्याच्या पाऊण इंच अलीकडे संपतं का ते बघा. त्यावरच संपलं तर पुढून चोच आल्यासारखी दिसते. कच्चा ब्लाऊज मनासारखा झाला की उसवून त्याचाच फर्मा वापरायचा.

अस्तर मॅचिंग सेंटरमधून आणतात, टू-बाय-टू किंवा मऊ सुती. साडी सोबत न्यावी आणि रंग दुकानाच्या पायरीवर, दिवसाउजेडी जुळवावा. आतल्या दिव्यांत मोरपंखी आणि गर्द निळा एकच दिसतात. दादर, मंगलदास मार्केट, तुळशीबाग, रविवार पेठ, कुठेही जा, हे उपचार तेच. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड सुरकुततं. रेशमाला अकरा नंबरची सुई, जाड ब्रोकेडला चौदा. टाचण्या फक्त शिलाईच्या मायेत टोचायच्या. कापड सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची नव्हे, साध्या कोऱ्या कागदाची पट्टी धरून टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. शाईचे डाग रेशमावरून जात नाहीत. जरीवर इस्त्री फिरवताना मध्ये सुती कापड हवंच. हल्लीच्या बऱ्याच जरींत प्लॅस्टिक असतं आणि ते गरम इस्त्रीला चिकटतं.

पैठणीच्या ब्लाऊजपीसची एक खोड मुद्दाम सांगते. काठात मुनिया म्हणजे पोपटांची रांग असली की ते सगळे एकाच दिशेला तोंड करून चाललेले असतात. दोन्ही बाह्या एकाच काठातून कापल्या तर एका दंडावरचे पोपट पुढे बघतात आणि दुसऱ्या दंडावरचे पाठीकडे. फोटो काढेपर्यंत लक्षात येत नाही, फोटोत मात्र दुसरं काही दिसत नाही. एक बाही वरच्या काठातून आणि दुसरी खालच्या काठातून घेतली तर बहुधा पक्षी समोरासमोर येतात. कापण्यापूर्वी दोन्ही बाह्यांचे फर्मे मांडून, पीस दंडाला गुंडाळून आरशात बघायचं. ब्लाऊजपीस ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास असतो. लांब बाह्या हव्या असतील तर पाठ पुरेल का ते तेव्हाच कळतं. पुरत नसेल तर पाठीला दुसरं कापड जोडावं, पदराखाली ते झाकलं जातं.

वेळापत्रक उलटं मांडावं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मशीनला हात लावायचा नाही, कारण तेव्हा घरात पाहुणे असतात आणि मशीनच्या टेबलावर लाडवांचे डबे. त्याआधीचा आठवडा हूक, काजं, तुरपाई असल्या हातशिलाईचा. ती गप्पा मारता मारता होते. त्याच्या आधीचे दोन आठवडे मशीनचे, आणि त्यापूर्वी मांजरपाट. शिवलेली नऊवारी करायची असेल तर ती महिन्याभरात प्रथमच करायला घेऊ नये. काष्ट्याचं कटिंग विजारीच्या जवळचं आहे, बसताना ताण येतो तो बैठकीवर, आणि तिथे उसवलं तर मांडवात पर्स मागे धरून हिंडावं लागतं. ती टेलरकडेच जाऊ द्या.

हूक लावून झाले की ब्लाऊज घालून घरात दोन तास वावरावं. नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. पाटावर बसून वाकून वाढायची नक्कल करावी, केस बांधावेत, अक्षता टाकतो तसा हात वर न्यावा. हात वर करताना बाहीबरोबर अख्खा ब्लाऊज उचलला जात असेल तर मुंढा फार खोल कापला गेलाय. काखेत बाहीसकट चौकोनी जोड देऊन तो वर आणता येतो. बसल्यावर हूक ताणत असतील तर बाजूची शिलाई दोन्हीकडून पाव-पाव इंच सोडावी. त्यासाठीच कापताना बाजूंना दीड इंच माया ठेवलेली असते. ती कापून टाकायचा मोह होतो, कारण आतून जाड वाटते. तशीच राहू द्यावी. पुढच्या लग्नाच्या वेळी लागते.