कुणबिणीची सुटका : मराठी मुलखातील दास्य आणि कायदा

अठराव्या शतकातील मराठी दप्तरांत कुणबीण किंवा बटीक म्हणून जिची नोंद होते, ती स्त्री कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता होती : तिची खरेदी-विक्री होई, ती भेट म्हणून दिली जाई आणि कोठी, पागा, किल्ला किंवा खाजगी वाडा येथे तिच्याकडून दळणकांडणापासून शेणगोठ्यापर्यंत सर्व कामे करून घेतली जात. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली जशा या वर्गात येत, तशाच शिंदळकीच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपावरून सरकारजमा केलेल्या स्त्रियाही येत. न्याय देणारे सरकारच अशा रीतीने दासींचे धनी होई, ही या व्यवस्थेची सर्वांत क्रूर बाजू होय.

दास्यातून सुटण्याची वाट शास्त्राला अपरिचित नव्हती. नारदस्मृतीनुसार धन्याने दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घडा घेऊन फोडावा, अक्षता व फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावे आणि तो आता दास नाही, असे तीनदा उच्चारावे. धन्याचा जीव वाचवणाऱ्या दासाला तर मुक्तीबरोबर पुत्राप्रमाणे वाटाही सांगितला आहे. पेशवाईतील व्यवहार मात्र अधिक हिशेबी होता : कुणबीण म्हातारी होऊन कामाची राहिली नाही, किंवा तिच्या बदली दुसरी कुणबीण दिली गेली, की तिला सोडल्याच्या नोंदी आढळतात. एकीची सुटका दुसरीच्या दास्याने विकत घेतली जात असेल, तर तिला मुक्ती म्हणणे कठीण आहे.

सुटका मालकाच्या मर्जीवर ठेवण्याची रीत मराठी मुलखापुरती नव्हती. अमेरिकेतील व्हर्जिनियाने 1782 मध्ये मालकाला मृत्युपत्राने किंवा साक्षीदारांसमक्ष केलेल्या लेखाने गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली. पण 1806 च्या कायद्याने मुक्त झालेल्यांना बारा महिन्यांत ते राज्य सोडण्याची अट घातली. दोन्हीकडे सुटका हा मालकाचा अधिकार होता, दासाचा हक्क नव्हे.

हे सूत्र हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या 1843 च्या पाचव्या कायद्याने मोडले. त्याने कोणालाही मुक्तिपत्र दिले नाही. दासावरील मालकीचा दावा कोणतेही न्यायालय मानणार नाही आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो दासाविरुद्धही गुन्हाच, एवढेच ठरवले. मात्र हा कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. उदाहरणार्थ, औंध तेव्हा सातारकर छत्रपतींच्या अंकित असलेल्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीत होते, आणि 1848 मध्ये सातारा खालसा झाल्यावरही औंध संस्थान म्हणून वेगळे राहिले, त्यामुळे तेथील वाड्यांतल्या दासींपर्यंत तो आपोआप पोहोचला नाही.

या स्त्रियांची नावे इतिहासग्रंथांत क्वचितच येतात. ती जमाखर्चाच्या मोडी कागदांत, धान्याच्या शेराशेजारी सापडतात. औंध, आटपाडी किंवा खटाव भागातील ज्या घरांत अशी जुनी दप्तरे अजून असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता मोडीच्या जाणकाराला दाखवावीत.