पिंजऱ्यात माणूस, बाहेर शार्क

मुशी हा मासा आमच्या घरात आजवर आला तो फक्त कालवणातून. त्यामुळे केपटाउनला नोकरीवर असलेल्या भाच्याने, "मामा, जूनमध्ये इकडे या, तुम्हांला पिंजऱ्यातला शार्क दाखवतो," असे कळवले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम खात्री करून घेतली, "पिंजऱ्यात शार्कच असतो ना?" मी होय म्हणालो. खरा प्रकार त्यांना विमान सुटल्यावर सांगितला.

ही उलटी कल्पना ऑस्ट्रेलियातली. १९६३ च्या डिसेंबरात रॉडनी फॉक्स हा तरुण दक्षिण ऑस्ट्रेलियातील आल्डिंगाच्या किनाऱ्यावर भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत उतरला होता. शार्कने त्याला असे धरले की पुढे चारशेहून अधिक टाके घालावे लागले. दुसरा कोणी असता तर त्याने समुद्राचे नाव टाकले असते. हा गृहस्थ प्राणिसंग्रहालयात सिंहाचा पिंजरा पाहून विचार करू लागला, की त्याच्याऐवजी मीच आत बसलो तर? पुढे त्याने असा पिंजरा बनवला, आणि ज्याने आपल्याला फाडले त्याच प्राण्याच्या रक्षणासाठी तो लोकांशी बोलत राहिला.

केपटाउनहून मोटारीने दोन-अडीच तासांवर गान्सबाय लागते. शेजारच्या क्लाइनबाय बंदरातून होड्या सुटतात. समोर डायर बेट आणि त्याच्याजवळ गायझर रॉक, त्यावर हजारो सील लोळत पडलेले. जून ते ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा. पाणी हाडे गोठवणारे.

तयारीतला निम्मा वेळ मी होडीवाला निवडण्यात घालवला, आणि तो योग्यच गेला असे माझे मत आहे. सरकारी परवाना आहे काय, पिंजऱ्यात एका वेळी किती माणसे उतरवता, प्रथमोपचार जाणणारा माणूस होडीवर असतो काय, हे सारे विचारून घेतले. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र आमिषाचा. माशाचे तेल आणि कुस्करलेली मासळी पाण्यात सोडून वासावर शार्कला बोलावतात; मग दोराला बांधलेले माशाचे मुंडके पुढे टाकतात. ते त्याला खाऊ घालायचे नसते. तो जवळ आला की बाजूला ओढून घ्यायचे. अधाशी माणसाने ते थेट पिंजऱ्याकडे ओढले, तर शार्क गजांवर आदळतो. त्याला उलटे पोहता येत नाही, हे लक्षात ठेवावे. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटापाशी २०१९ मध्ये एक शार्क असाच गजांत अडकून मेला. २०२३ मध्ये तेथील सरकारने हा धंदाच बंद केला. तेव्हा "शार्क अगदी अंगावर आणू" अशी हमी देणाऱ्याला मी पहिल्याच उत्तरात नमस्कार केला.

डॉक्टरांना दाखवून आलो. रक्तदाब असला तरी जा म्हणाले. प्रकृतीचा कागद भरताना खोटे लिहू नये; दमा, हृदयविकार असेल तर होडीवरूनच पाहावे. चष्मा मुखवट्याखाली मावत नाही, म्हणून नंबरच्या काचांचा मुखवटा घेतला. दुसरी अडचण मिशीची. तिच्यातून पाणी आत झिरपते. "मुशी पाहायची तर मिशी द्या," भाचा म्हणाला. शेवटी व्हॅसलिनवर तडजोड झाली.

मळमळीची गोळी होडीत बसण्यापूर्वी घ्यायची, आणि न्याहारी हलकी. गोळी घेतली, पण भाचेसुनेच्या खिचडीला नाही म्हणवेना. ती खिचडी माझ्या आधी समुद्रात उतरली.

पिंजरा होडीच्या कुशीला बांधलेला, वरची कड पाण्याबाहेर. प्राणवायूची नळकांडी नाहीत. जाड रबरी पोशाख, कमरेला शिसे, आणि आरोळी आली की श्वास रोखून डोके खाली. आतल्या दांड्याला धरायचे. बाहेरच्या गजांना नाही. हात बाहेर काढायचा नाही, कॅमेराही नाही. चमकणारे दागिने आधीच उतरवायचे.

आता एक दुःखाची गोष्ट. ज्याच्यासाठी सारे जग येथे येई, तो पांढरा शार्क येथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये त्याला संरक्षण दिले. असे करणारा हा पहिला देश. माणसापासून त्याला वाचवले खरे. पण २०१७ पासून किनाऱ्यावर यकृत काढून घेतलेली त्याची प्रेते लागू लागली. काम दोन ओर्का देवमाशांचे. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे वाकलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून नावाड्यांच्या भाषेत त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात. आमच्या होडीवाल्याने हे पैसे घेण्यापूर्वी सांगितले होते, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

आम्हांला दिसला तो तांबूस ब्राँझ शार्क. आरोळी आली, मी खाली गेलो. हिरवट अंधारातून एक लांबट सावली आली, हाताभराच्या अंतरावर वळली. डोळा दिसला. त्या डोळ्याला माझ्यात काडीइतकाही रस नव्हता. पंचवीस वर्षे वर्गात उभा राहतो. ही नजर ओळखीची होती. पण तेथे माझे पाय लटलट कापत होते.

वर आलो, तर दोन दिवस अबोला धरलेल्या सौभाग्यवती रबरी पोशाख चढवून, मुखवटा कपाळावर सरकवून उभ्या होत्या.

"या बांगड्या धरा," त्या म्हणाल्या, आणि शिडी उतरू लागल्या.