दुहेरी सस्पेन्शनची पर्वतीय सायकल : फ्रेमचे माप आणि सुट्या भागांची निवड

प्रास्ताविक

सायकलच्या मापाविषयी आपल्याकडे एक जुनी रीत रूढ आहे. घरोघरी काळ्या, भक्कम सायकली असत त्या काळात 'बावीस इंची' आणि 'चोवीस इंची' हे दोन शब्द सर्वांच्या तोंडी होते. अनेकांची समजूत अशी की हे माप चाकाचे आहे. वस्तुतः ते सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीचे होते. ज्याचे पाय लांब त्याला चोवीस इंची, इतरांना बावीस इंची, आणि ज्या मुलाचे पाय मुळीच पोहोचत नसत त्याने दांडीखालून पाय घालून चालवावी, एवढ्यावर निवड संपत असे. सपाट रस्त्यावर सीटवर बसूनच चालवावयाच्या सायकलीस ही रीत पुरेशी होती.

पुढे व मागे दोन्हीकडे धक्के शोषण्याची व्यवस्था असलेल्या पर्वतीय सायकलीस मात्र ती लागू पडत नाही. ही सायकल उतारावर उभ्याने चालवली जाते, सीट खाली घेतली जाते आणि स्वाराच्या वजनाने संपूर्ण फ्रेमच काही सेंटिमीटर खाली बसते. अशा सायकलीची किंमत भारतात सहज लाखाच्या वर जाते. एवढा खर्च करूनही पुष्कळ ग्राहक फ्रेमचे माप केवळ उंचीच्या तक्त्यावरून ठरवतात आणि लक्ष देतात ते गिअरच्या दर्जाकडे. गिअर पुढे केव्हाही बदलता येतो. फ्रेमची लांबी बदलता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही निवडींमागील यांत्रिक कारणांचे विवेचन केले आहे.

मापाची दिशा कशी बदलली

पर्वतीय सायकलीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात झाला. तेथील फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी 'रिपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरांहून कमी अंतरात सुमारे ४०० मीटर उतार असलेल्या या वाटेवर जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधील ब्रेक इतके तापत की त्यांतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बांधली. तिची ठेवण मात्र जुन्या सायकलींच्या परंपरेतीलच होती. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कमुळे पुढच्या चिमट्यास सस्पेन्शन मिळाले आणि पुढील दशकात मागच्या चाकासही ते सर्रास आले, तरी माप सीटच्या नळीवरूनच सांगितले जात राहिले.

बदल सावकाश झाला. गॅरी फिशर यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आडवी दांडी लांब आणि हँडलची स्टेम आखूड अशी रचना बाजारात आणली. २०१२ च्या सुमारास स्पेनमधील मोंड्रेकर कंपनीने हाच विचार टोकाला नेला. त्या वेळी अतिरेकी वाटलेली ही लांबी नंतरच्या दहा वर्षांत जवळजवळ सर्व उत्पादकांनी कमीअधिक प्रमाणात स्वीकारली. कारण साधे आहे. स्टेम लांब असली की हात पुढच्या चाकाच्या आसाच्या जवळ येतात आणि तीव्र उतारावर स्वार हँडलवरून उलटण्याची शक्यता वाढते. फ्रेम लांब व स्टेम आखूड असेल तर पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते. म्हणजे लांबीचा हा प्रश्न सोयीइतकाच सुरक्षिततेचाही आहे.

रीच आणि स्टॅक

आज फ्रेमच्या तक्त्यात दोन आकडे सर्वांत आधी पाहावे लागतात. पायडलच्या आसाच्या मध्यापासून हँडल बसते त्या नळीच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, आणि याच दोन बिंदूंमधील उभे अंतर म्हणजे स्टॅक. उभ्याने चालवताना स्वाराचे शरीर पाय व हात या दोनच ठिकाणी सायकलीला टेकलेले असते. त्यामुळे त्या स्थितीतील फ्रेमची खरी लांबी रीच सांगते.

विक्रेते मात्र अजूनही पुष्कळदा आडव्या दांडीची 'परिणामी लांबी' सांगतात. ही लांबी सीटपासून मोजली जात असल्याने सीटच्या नळीच्या कलाबरोबर तिचा अर्थ बदलतो. एक उदाहरण पाहावे. दोन फ्रेमची परिणामी लांबी ६०० मिलिमीटर आणि स्टॅक ६२० मिलिमीटर आहे. पहिलीच्या सीटच्या नळीचा कल ७३ अंश, तर दुसरीचा ७७ अंश आहे. पहिलीत ती नळी स्टॅकच्या उंचीपर्यंत जाताना १९० मिलिमीटर मागे सरकते, म्हणून रीच ४१० मिलिमीटर उरतो. दुसरीत ती १४३ मिलिमीटरच मागे जाते आणि रीच ४५७ मिलिमीटर होतो. लगतच्या दोन मापांत रीचचा फरक साधारणतः २० ते २५ मिलिमीटर असतो. म्हणजे कागदावर समान दिसणाऱ्या या दोन फ्रेममध्ये जवळजवळ दोन मापांचे अंतर आहे. जुन्या सायकलीवर 'मीडियम' बसते म्हणून नवीही मीडियमच घ्यावी, या युक्तिवादात किती तथ्य आहे हे यावरून कळेल.

रीचची तुलनाही स्टॅक लक्षात घेतल्याशिवाय करता येत नाही. हँडलची नळी मागे कललेली असते. ती ६५ अंशांत असेल आणि कमी स्टॅकच्या फ्रेमचे हँडल चकत्या घालून ३० मिलिमीटर वर आणले, तर ते १४ मिलिमीटर मागेही येते. म्हणून ४६० रीच व ६१० स्टॅक असलेली फ्रेम ही ४६५ रीच व ६४० स्टॅक असलेल्या फ्रेमपेक्षा पाच नव्हे, तर सुमारे १९ मिलिमीटर आखूड ठरते.

मागच्या सस्पेन्शनमुळे पडणारा फरक

केवळ पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर स्वार चढला की पुढचा भागच खाली बसतो. त्यामुळे हँडलच्या नळीचा कल अधिक उभा होतो आणि रीच किंचित वाढतो. दोन्हीकडे सस्पेन्शन असेल तर सायकल पुढे-मागे मिळून खाली बसते आणि रीच फारसा बदलत नाही. परंतु चढावर वजन मागच्या चाकाकडे सरकते. मागचा भाग अधिक दबतो, पुढचा वर उचलला जातो, आणि सीट पायडलच्या मागे जाते. स्वारास वाटते की आपण मागे ओढले जात आहोत. पुढचे चाकही हलके होऊन भरकटते. अशा सायकलींत सीटची नळी ७६ ते ७८ अंशांपर्यंत उभी का केली जाते, याचे उत्तर येथे मिळते. सह्याद्रीतील घाटवाटांसारख्या दीर्घ चढांवर चालवावयाच्या सायकलीत हा कोन रीचइतकाच तपासावा.

सीटच्या नळीच्या लांबीचे महत्त्व नाहीसे झालेले नाही, परंतु ते उलट दिशेने गेले आहे. पूर्वी ती पुरेशी लांब हवी असे. आता ती आखूड हवी, कारण चालवता चालवता कळ दाबून सीट खाली घेता येणाऱ्या ड्रॉपर सीटपोस्टला जागा लागते. पायाची आतील लांबी ७८ सेंटिमीटर असेल तर ०.८८३ या प्रचलित गुणकाने सीटची उंची पायडलच्या आसापासून सुमारे ६८९ मिलिमीटर येते. नळी ४३० मिलिमीटरची असल्यास वर २५९ मिलिमीटर उरतात. सीटपोस्टचे वरचे डोके, कॉलर आणि प्रत्यक्ष सीट यांसाठी ८५ मिलिमीटरांच्या आसपास वजा केले तर १७० मिलिमीटर सरकणारी पोस्ट जेमतेम बसते. नळी ४८० मिलिमीटर असेल तर १२० वरच थांबावे लागते. शिवाय काही फ्रेममध्ये मागचा धक्काशोषक वा त्याची जोडणी आड येत असल्याने पोस्ट पूर्ण आत जात नाही. पोस्ट किती खोल जाऊ शकते हा आकडा तक्त्यात नसल्यास विचारून घ्यावा.

सुट्या भागांची निवड

मागच्या चाकाच्या जोडणीचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांच्या गुणदोषांवर रसिकांत हिरिरीने वाद चालतात. ग्राहकाच्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे; धक्काशोषक स्वाराच्या वजनाप्रमाणे जुळवता येतो की नाही हे आधी पाहावे. चाकाची हालचाल १४० मिलिमीटर आणि धक्काशोषकाची ५५ मिलिमीटर असेल तर तरफेचे सरासरी गुणोत्तर २.५५ होते. स्वार सायकलीवर स्थिर असताना धक्काशोषक सुमारे ३० टक्के, म्हणजे १६.५ मिलिमीटर दबलेला असावा. सामानासह ६५ किलो वजनाच्या स्वाराचा ६५ टक्के भार मागे धरल्यास त्यासाठी सुमारे ६४ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठपणाची स्प्रिंग लागेल. ९० किलोच्या स्वारास हीच स्प्रिंग ८८ न्यूटन प्रति मिलिमीटरची लागेल. एकच पोलादी स्प्रिंग दोघांना चालणार नाही, हे उघड आहे. हवेच्या धक्काशोषकात मात्र हातपंपाने दाब बदलला की काम भागते. हलक्या वजनाच्या स्वाराने हवेचाच धक्काशोषक घ्यावा, आणि दबलेला धक्काशोषक परत उसळण्याचा वेग कमीजास्त करण्याची कळ त्यावर आहे याची खात्री करावी. जड स्वारासाठी बसवलेले अवमंदन हलक्या स्वारास अतिशय संथ वाटते. लागोपाठच्या धक्क्यांत सस्पेन्शन पूर्ववत होण्याआधीच पुन्हा दबते.

यानंतरचा खर्च ब्रेक आणि टायर यांवर व्हावा. रिपॅकच्या वाटेचेच उदाहरण घेऊ. सायकलीसह ९० किलो वजन ४०० मीटर खाली आणताना सुमारे साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. हवा आणि जमीन यांचा रोध वगळता उरलेली सारी उष्णता ब्रेकमध्येच निर्माण होते. १९७६ मध्ये ग्रीस जळत असे; आज हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हे काम करतात. परंतु लहान चकतीचा ब्रेक दीर्घ उतारावर तापून निकामी होऊ शकतो. १८० ऐवजी २०३ मिलिमीटर व्यासाची चकती घेतली तर तेवढ्याच दाबाला सुमारे १३ टक्के अधिक परिबल मिळते, आणि उष्णता पसरण्यास क्षेत्रही मिळते. खर्चाच्या मानाने एवढा लाभ देणारा बदल दुसरा क्वचितच सापडेल. टायर २.३ ते २.५ इंच रुंद आणि ट्यूबविरहित असावेत. दख्खनच्या पठारावर बाभळीच्या काट्यांशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना टायरमधील द्रव सीलंटचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

गिअरचा क्रम शेवटी लागतो. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच दातेरी चक्र असलेली अकरा गिअरची रचना आणली आणि २०१६ मध्ये बारा गिअरची. त्यानंतर पुढचे अनेक चक्रांचे प्रकार या वर्गातून जवळजवळ हद्दपार झाले. स्वस्त व महाग गिअरमध्ये फरक असतो तो मुख्यतः वजनाचा आणि कळ दाबतानाच्या स्पर्शाचा. दात्यांचे गणित तेच राहते. पुढे ३२ व मागे ५१ दाते असता २९ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे १.४४ मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी ५.२ किलोमीटर. पुढचे चक्र ३० दात्यांचे केले तर हाच वेग ४.९ वर येतो. थकलेल्या पायांना हा फरक जाणवतो आणि तो मिळतो अगदी अल्प खर्चात. क्रँकच्या लांबीचेही असेच आहे. सस्पेन्शन दबल्यावर पायडलचा आस तीनचार सेंटिमीटर खाली येतो आणि पायडल दगडावर आपटू लागते. १७५ ऐवजी १६५ मिलिमीटरची क्रँक घेतल्यास तेथे एक सेंटिमीटर मिळतो. बुटक्या स्वारास ती तशीही अधिक मानवते.

अशा स्वारापुढे आणखी एक अडचण असते. तीव्र उतारावर शरीर मागे नेले असता २९ इंची मागचे चाक त्याला लागते. पुढे २९ आणि मागे २७.५ इंची चाक ही मिश्र रचना आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१९ पासून स्पर्धांत मान्य केली. लहान मापांच्या फ्रेममध्ये ती आता अनेक उत्पादक मूळचीच देतात. मूळची २९ इंची फ्रेम घेऊन मागे लहान चाक बसवणे मात्र वेगळे. त्यामुळे पायडलचा आस खाली येतो, सीटची नळी मागे कलते आणि वर सांगितलेले सर्व हिशेब बदलतात. पुढे अधिक लांब फोर्क बसवल्यानेही हे कोन तसेच बदलतात. दर १० मिलिमीटरमागे हँडलच्या नळीचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी होतो. उत्पादकाने घालून दिलेली फोर्कच्या लांबीची मर्यादा ओलांडली तर फ्रेमवर अपेक्षेपेक्षा अधिक ताण येतो आणि हमीही रद्द होऊ शकते.

दोन मापांच्या सीमेवर असलेल्या ग्राहकाने काय करावे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. स्टेम ३५ पासून ५० मिलिमीटरपर्यंत बदलून, चकत्या वरखाली करून आणि हँडलची रुंदी कापून एक ते दीड सेंटिमीटरची चूक सावरता येते; चार सेंटिमीटरची नाही. वळणावळणाच्या, दाट झाडीतील वाटांसाठी लहान माप हाताळण्यास सोपे जाते, तर वेगवान व उघड्या उतारांवर मोठे माप अधिक स्थिर असते. लांब धडाच्या व आखूड पायांच्या स्वारास मोठे मापच घ्यावेसे वाटेल. तेव्हा सीटच्या नळीची लांबी व ड्रॉपरची खोली पुन्हा मोजावी. जुनी सायकल घेत असल्यास मागच्या हबची रुंदी १४८ मिलिमीटर आहे की त्याआधीची १४२, हेही पाहून घ्यावे, कारण १४२ मिलिमीटरची चांगल्या दर्जाची चाके मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. तसेच मागच्या चाकास धरून ते आडवे हलवून पाहावे. सांध्यांतील बेअरिंग झिजली असल्यास तेथे खटखट जाणवते. ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा ठरवावा.