विश्वासाची वर्गणी

संस्था काढायची म्हटली की पहिला प्रश्न पैशाचा येतो. पण अण्णासाहेब कर्वे यांनी 1896 साली पुण्यात ‘अनाथ बालिकाश्रम’ काढायचे ठरवले, तेव्हा पैशाआधी विश्वास मिळवावा लागणार होता.

नावात ‘अनाथ बालिका’ असले, तरी आश्रम होता प्रामुख्याने बालविधवांसाठी. आईवडील, सासर असूनही ज्यांना कोणी वाली नव्हता, त्या अनाथच नव्हेत काय?

हिंदू समाजाच्या मनात त्या वेळी दोन धास्ती होत्या. पहिली धर्मांतराची. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर 1893 साली तसा आरोप झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुसरी धास्ती पुनर्विवाहाची. कर्व्यांनी त्याच वर्षी गोदूबाई या विधवेशी विवाह केला होता. त्या शारदासदनाच्याच विद्यार्थिनी. अशा माणसाच्या हाती आपली मुलगी किंवा आपला पैसा कोण देणार?

कर्व्यांनी यावर वाट काढली. आश्रम शिक्षण देईल, मुलींना स्वतःच्या पायावर उभे करील. पुनर्विवाहाचा प्रचार करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. डॉ. भांडारकर अध्यक्ष झाले. त्यामुळे ज्यांना पुनर्विवाह मान्य नव्हता, त्यांनाही मदत करता आली. स्वतःच्या आयुष्यात जे उघडपणे केले, त्याबद्दल संस्थेत मौन पाळायचे, ही तडजोड सोपी नव्हती. काही सुधारकांना ती माघार वाटली असेल. पण तिच्याविना दारे उघडली नसती.

पहिली देणगी कर्व्यांची स्वतःची होती. साठवलेले हजार रुपये त्यांनी दिले. पुढे पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. प्राध्यापकाच्या बेताच्या पगारावर चालणाऱ्या घराला हे जड होते. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, ‘माझे पुराण’मध्ये संसाराच्या ओढाताणीबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. संस्थेच्या हिशेबात न दिसणारी ही त्यांचीही वर्गणी!

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. प्लेगच्या दिवसांत, 1900 साली, आश्रम तिथल्या झोपडीत गेला. फर्ग्युसनमधले शिकवणे आटोपले की कर्वे पायी हिंगणे गाठत. सुट्टीत ते वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले पुढे आश्रमासाठी निधी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत पोहोचल्या.

महिला विद्यापीठाला 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. एवढी मोठी रक्कम देण्याइतका भरवसा एका दिवसात तयार झाला नव्हता. दारोदार फिरून मिळवलेल्या लहान लहान रकमांनी तो चोवीस वर्षे बांधला होता.

आज ते हिंगणे ‘कर्वेनगर’ म्हणून ओळखले जाते.