पासष्ट पौंडांचं धनुष्य, साठ वर्षांचा नाद

पेनसिल्व्हेनियातल्या वेन्सबरो या छोट्या गावात वाढलेला फ्रेड बेअर १९२३ साली डेट्रॉइटला आला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मोटारींच्या कारखान्यांचा तो भरभराटीचा काळ. पॅकार्ड कंपनीत साचे बनवण्याचं काम त्याला मिळालं. बंदुकीची शिकार त्याला घरातूनच माहीत होती. धनुष्याचं वेड मात्र डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात लागलं. अलास्काच्या रानात धनुष्यबाण घेऊन फिरणाऱ्या आर्ट यंगचा मूकपट तिथे लागला होता. तो पाहून बेअर पुरता भारावला. पुढे यंग स्वतः डेट्रॉइटमध्ये राहायला आला, दोघांची मैत्री जमली आणि धनुष्य कसं घडवायचं, बाण कसा सरळ करायचा, दोरी कशी वळायची हे बेअर त्याच्याकडून शिकला.

यंगकडे ही विद्या कुठून आली, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेता येणार नाही. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, थकलेला आदिवासी माणूस लोकांना सापडला. तो ‘याही’ नावाच्या जमातीचा होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या जमातीची कत्तल केली होती आणि उरलेले मोजके लोक कित्येक वर्षं डोंगरात लपून जगत होते. त्यांच्यापैकी शेवटचा उरलेला हा माणूस जगाला ईशी या नावानं माहीत झाला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकवणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे शिष्य झाले. जुनिपरच्या लाकडाला पाठीमागून प्राण्यांच्या स्नायूंचे तंतू चिकटवून ईशी धनुष्य करायचा, काचेसारख्या काळ्या दगडाचे कपचे काढून बाणाची टोकं घडवायचा. नेम तर त्याचा चांगला होताच, पण जनावराच्या जवळ जाण्याची हातोटी त्याहून मोठी होती. वारा कुठून येतो ते पाहणं, तासन्‌तास न हलता बसणं, ओठांनी आवाज काढून सशाला बोलावून घेणं यात तो वाकबगार होता. १९१६च्या मार्चमध्ये क्षयानं त्याचा मृत्यू झाला. तोवर पोप यांनी जमेल तेवढं शिकून घेतलं होतं. आर्ट यंग त्यांचा शिकारीतला जोडीदार. पोप यांचं धनुष्याच्या शिकारीवरचं पुस्तक १९२३ साली आलं आणि अमेरिकेत या शिकारीचं जणू पुनरुज्जीवन झालं. एका उद्ध्वस्त केलेल्या जमातीच्या शेवटच्या माणसानं ज्यांना हे शिकवलं, ते त्याच्या जमातीला संपवणाऱ्या समाजातलेच होते. या छंदाच्या इतिहासातलं हे सर्वांत दुःखद आणि सर्वांत थोर प्रकरण आहे, असं मला वाटतं.

बेअरला पहिलं हरीण धनुष्यानं मिळालं ते १९३५ साली, मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पात. त्याआधीचे कितीतरी हंगाम तो रिकाम्या हातानं परतला होता. हा काळ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या साठ वर्षांच्या नादाचं मूळ त्यातच आहे.

बंदूकधारी शिकारी दोनशे मीटरवरून हरीण टिपू शकतो. धनुष्यवाल्याला वीस यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे अठरा मीटरपर्यंत पोचावं लागतं किंवा हरणाला तिथवर येऊ द्यावं लागतं. पांढऱ्या शेपटीच्या त्या अमेरिकन हरणाचं नाक, कान आणि डोळे माणसाला त्या अंतरावर सहसा येऊ देत नाहीत. आलंच तर पुढची अडचण उभी राहते. जुन्या पद्धतीच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण १८० फूट जातो, आवाज ११०० फुटांच्या वर. वीस यार्ड कापायला बाणाला एक तृतीयांश सेकंद लागतो, दोरीचा टणत्कार त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानावर पडतो आणि उडी घेण्यासाठी ते खाली दबतं. नेम अचूक असूनही बाण पाठीवरून निघून जातो. शिवाय बाणात गोळीसारखा धक्का नसतो. त्याचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार असेल आणि फुप्फुसांतून आरपार गेलं, तरच जनावर लवकर मरतं. म्हणून जाणता शिकारी भलत्या कोनातून बाण सोडत नाही, आणि सोडल्यावर लगेच धावत सुटत नाही. अर्धा तास थांबतो, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढतो. जखमी जनावर सापडेपर्यंत शोधत राहणं हा या शिकारीचा पहिला धर्म मानला जातो. तो न पाळणाऱ्याला त्यांच्यातच मान नसतो.

ज्या कामात अपयश हेच नेहमीचं असतं, त्याचा कंटाळा यायला हवा. बेअरच्या बाबतीत उलटं झालं. हरणाच्या जवळ गेल्यावर जे दिसतं, ऐकू येतं, ते लांबून गोळी घालणाऱ्याला कधीच मिळत नाही, हे त्याला उमगलं आणि त्यानं बंदूक जवळजवळ सोडूनच दिली.

१९३३ साली मंदीच्या ऐन भरात त्यानं चार्ल्स पायपर या मित्राबरोबर सहाशे डॉलरांच्या भांडवलावर छोटा धंदा काढला. मोटार कंपन्यांसाठी जाहिरातींचे फलक छापायचे आणि मागच्या बाजूला धनुष्यबाण बनवायचे. हळूहळू मागचं पुढे आलं. १९४७ साली कारखाना उत्तर मिशिगनमधल्या ग्रेलिंगला, ऑ सेबल नदीच्या परिसरात गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू म्हणजे फायबरग्लास हाताशी आलं होतं. लाकडाच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना त्याचे थर देऊन बेअरनं असं धनुष्य केलं, की जे थंडीत तडकत नव्हतं, पावसात मऊ पडत नव्हतं आणि मुख्य म्हणजे कारखान्यात हजारोंच्या संख्येनं बनवता येत होतं. तोवर चांगलं धनुष्य हवं तर कारागीर शोधावा लागे. आता ते खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळू लागलं. टोकं पुढे वळलेल्या त्याच्या ‘कोडियाक’ धनुष्याबद्दल आजही जुन्या पद्धतीच्या धनुर्धरांत आदरानं बोललं जातं. तो स्वतः पासष्ट पौंड ताणाचं वापरायचा, तेही डावखुऱ्या पद्धतीनं.

धनुष्य विकायचं तर धनुष्यानं शिकार करायला कायद्याची परवानगी हवी. विस्कॉन्सिननं १९३४ साली धनुष्यासाठी वेगळा हंगाम दिला होता. मिशिगनमध्येही बेअर आणि त्याच्या सोबत्यांनी त्यासाठी खटपट केली आणि १९३०च्या दशकातच तो मिळवला. इतर राज्यांतल्या अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यानं गावोगावी प्रात्यक्षिकं केली, आपल्या मोहिमांचे चित्रपट दाखवले. पुढे तो दूरचित्रवाणीवरही झळकला. डोक्यावरची ती बोर्सालिनो हॅट आणि ‘पापा बेअर’ हे नाव घराघरांत पोचलं.

त्याच्या मोठ्या मोहिमा साठीच्या आसपासच्या आहेत, हे विशेष. ब्रिटिश कोलंबिया, अलास्का, आफ्रिका. ध्रुवीय अस्वलासाठी तो तीनदा बर्फावर गेला आणि तिसऱ्या खेपेला, १९६६ साली, चौसष्टाव्या वर्षी त्याला यश आलं. मोझांबिकमध्ये हत्ती मारला तेव्हा तो बासष्टचा होता. १९६३ साली तो भारतात आला आणि त्यानं बाणानं वाघ मारला.

हे शेवटचं वाक्य मराठी वाचकाला बोचेल, बोचायलाच हवं. त्या काळी परवाना काढून वाघाची शिकार करणं कायदेशीर होतं आणि परदेशी शिकाऱ्यांना रानात नेणाऱ्या कंपन्या आपल्याकडे चालत होत्या. १९७२च्या गणनेत देशात जेमतेम अठराशे वाघ उरल्याचं दिसलं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. बेअरनं कायदा मोडला नाही, पण संपत चाललेल्या प्राण्यावर बाण सोडण्यात कौशल्य कितीही असलं, तरी ते कौतुकाचं नाही. त्याच्या आयुष्याचं मोल वाघ, हत्ती नि अस्वलांच्या यादीवरून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हरणाची गोष्ट वेगळी. बेसुमार शिकारीमुळे १९००च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं अमेरिकेत काही लाखांवर आली होती. हंगाम, परवाने, मर्यादा आल्या, जंगलं वाढली, लांडगे-पुमांसारखे शत्रू घटले आणि आज ही संख्या तीन कोटींच्या घरात आहे. पिकांची नासधूस आणि महामार्गांवरचे अपघात इतके, की दरवर्षी काही हरणं मारणं तिथलं वनखातं आवश्यक मानतं. शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवला आणि १९७२च्या दुरुस्तीनं तो धनुष्यबाणांनाही लागू झाला. अकरा टक्क्यांचा हा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनावर खर्च होतो. शिकार केलेल्या हरणाचं मांस घरी खाल्लं जातं, शीतपेटीत ठेवून वर्षभर पुरवलं जातं.

आता वयाचा प्रश्न. धनुष्य ओढायला खांदा आणि पाठ लागते, आणि साठीनंतर नेमके खांद्याचे स्नायूच कुरकुरतात. तरी धनुर्विद्येत म्हाताऱ्यांची परंपरा जुनी आहे. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवणारे गॅलन स्पेन्सर चौसष्ट वर्षांचे होते. रौप्यपदक जिंकलेल्या संघातले सॅम्युएल डुव्हाल तर अडुसष्टचे. सुवर्ण जिंकलेल्या संघात पन्नाशी ओलांडलेले विल थॉम्प्सनही होते. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या थॉम्प्सन बंधूंना युद्धानंतर बंदूक बाळगायची मनाई झाली, तेव्हा दोघं धनुष्य घेऊन फ्लोरिडाच्या दलदलीत शिकार करत हिंडले होते. विलचा भाऊ मॉरिस यानं त्यावर १८७८ साली लिहिलेल्या पुस्तकानं अमेरिकेत धनुर्विद्येची पहिली लाट आणली.

वाढत्या वयाला सर्वांत मोठा हात दिला तो मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या हौशी शिकाऱ्यानं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना त्यानं मध्यापासून सरकवलेल्या कप्प्या बसवल्या. १९६९ साली त्याला पेटंट मिळालं. या कंपाउंड धनुष्याची करामत अशी, की दोरी ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लागतो, पण शेवटी कप्पी फिरली की ताण एकदम उतरतो. साठ पौंडांचं धनुष्य ऐंशी टक्के सूट देत असेल, तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर बारा पौंडच उरतात. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत सत्तर वर्षांचा माणूसही ते धरून ठेवू शकतो. विस्कॉन्सिनसारख्या राज्यानं तर पासष्टीच्या पुढच्यांना कळ दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य वापरायची मुभा इतरांच्या कितीतरी आधी दिली. हेच कंपाउंड धनुष्य घेऊन साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, तेव्हा महाराष्ट्रात या धनुष्याचं नाव घरोघरी गेलं. त्याचा जन्म शिकारीतला आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

बेअरच्या कंपनीनंही पुढे कंपाउंड धनुष्यं बनवली, पण त्याचा स्वतःचा जीव जुन्या धनुष्यातच होता. १९६८ साली त्यानं कंपनी विकली, तरी काम सोडलं नाही. १९७८ साली कारखाना फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला हलला, तेव्हा शहात्तराव्या वर्षी तोही गेला. शरद ऋतू आला की मात्र पाय मिशिगनकडे वळत. रोझ सिटीजवळच्या ग्राउस हेवन या रानातल्या शिकारघरात जुने सोबती जमत. फुप्फुसांच्या विकारानं दम लागू लागला, पुढे ऑक्सिजनची नळी आली, तरीही तो येत राहिला. अशा वयात रानात जाणाऱ्याला शिकार मिळते की नाही हे गौण असतं. कुठल्या ओढ्याला हरणं पाणी पितात, वारा फिरला तर कुठे बसायचं, हे त्याच्याकडून ऐकायला तरुण मंडळी बसत, आणि ही जाण स्नायूंसारखी वयाबरोबर ओसरत नाही. सिएटलचे ग्लेन सेंट चार्ल्स हे दुसरं उदाहरण. पोप आणि यंग यांच्या नावानं धनुर्धर शिकाऱ्यांची संस्था १९६१ साली उभी करणारे हे गृहस्थ २०१० साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले.

फ्रेड बेअर २७ एप्रिल १९८८ रोजी गेन्सव्हिलमध्ये वारला. तो शहाऐंशी वर्षांचा होता. त्याच्या रक्षेचं विसर्जन ऑ सेबल नदीच्या परिसरात झालं. त्याच्या संग्रहालयातल्या वस्तू आता मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला आहेत.

डेट्रॉइट परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही. त्यांनी एखाद्या ऑक्टोबरात आय-७५ या महामार्गानं उत्तरेकडे, बेअरचा कारखाना जिथे होता त्या ग्रेलिंगपर्यंत जरूर जावं. मोटारीनं तीनेक तासांचा रस्ता आहे आणि पानगळीचे रंग त्या दिवसांत ऐन बहरात असतात. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. रानात पायी हिंडणार असाल, तर भडक नारिंगी रंगाचं जाकीट अंगात असू द्या.