गेमची तारीख पुढे का जाते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बहुप्रतीक्षित व्हिडिओ गेमची तारीख पुढे गेली की चाहत्यांच्या दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक, स्टुडिओवाले इतके दिवस झोपा काढत होते. दुसरी नेमकी उलटी: एवढा वेळ लावत आहेत म्हणजे गेम जबरदस्तच होणार. या दोन्ही समजुती घासून पाहायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गेमचा गाजलेला आणि रखडलेला रिमेक पुण्यात आणि मुंबईत बनत होता.

मूळ गेम 2003 चा, युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचा. राजपुत्राच्या हातातल्या खंजिराने काळ काही क्षण मागे नेता येतो, ही त्याची खासियत. युबिसॉफ्ट पुणे आणि युबिसॉफ्ट मुंबई यांच्याकडे सोपवलेल्या रिमेकची घोषणा 10 सप्टेंबर 2020 रोजी झाली आणि 21 जानेवारी 2021 ही तारीख दिली गेली. ट्रेलर पाहून चाहते नाराज झाले. चेहरे निर्जीव आहेत, ग्राफिक्स जुन्या पिढीचे वाटतात, अशी टीका झाली. डिसेंबरमध्ये तारीख 18 मार्च 2021 झाली. फेब्रुवारीत ती तारीखही गेली आणि नवी दिलीच नाही. मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेले. जून 2024 मध्ये 2026 हे वर्ष जाहीर झाले आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने गेम रद्दच केला.

आता आळसाचा आरोप. गेम खेळता येण्याजोगा होणे आणि विकण्याजोगा होणे यांत बरेच महिने जातात. शेवटचा काळ बग शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो, आणि एक दुरुस्ती दुसरीकडे काहीतरी मोडते. काळ मागे नेण्याची सोय असलेल्या गेममध्ये हे अधिकच जिकिरीचे. खेळाडूने कळ दाबली की राजपुत्र उडीच्या आधीच्या जागी यायला हवा, पण तेवढ्याने भागत नाही. पडलेला शत्रू उठला पाहिजे, ढासळलेला खांब पुन्हा उभा राहिला पाहिजे, फिरणारे पाते त्या क्षणीच्याच कोनात आले पाहिजे. त्यामुळे कुठल्याही हलत्या वस्तूत बदल केला की ती उलटी फिरतानाही तपासावी लागते. त्यानंतर सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डो आपापल्या कन्सोलसाठी गेमची स्वतंत्र तपासणी करतात. ‘मग माणसे वाढवा’ हा सल्लाही फोल ठरतो. रखडलेल्या कामात नवी माणसे घातली तर त्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि काम आणखी लांबते, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच सॉफ्टवेअरबद्दल लिहून ठेवले आहे.

तारीख कलाकार आणि प्रोग्रॅमर ठरवतात, हाही गैरसमजच. तारखेमागे हिशेबाची वही असते. युबिसॉफ्टचे आर्थिक वर्ष भारतासारखेच एप्रिल ते मार्च. रिमेकची पहिली तारीख जानेवारीतली, दुसरी 18 मार्चची. दोन्ही त्याच आर्थिक वर्षात बसणाऱ्या. मे 2022 च्या निवेदनातही भाषा आर्थिक वर्षाचीच होती: चालू वर्षात गेम येणार नाही. ‘जीटीए 6’ची प्रकाशक कंपनी टेक-टू हिचेही वर्ष मार्चअखेर संपते. 2025 मध्ये येणारा तो गेम आधी 26 मे 2026 वर आणि मग 19 नोव्हेंबर 2026 वर गेला. पहिल्या बदलाने आर्थिक वर्ष ओलांडले, दुसरा त्याच नव्या आर्थिक वर्षात राहिला. आकडेमोडीत मुरलेल्या माणसाला अशा तारखांमागचे गणित चटकन दिसते. चाहत्याला मात्र फक्त मोडलेला शब्द दिसतो.

उशिराचे फळ गोडच असते, या समजुतीला निन्टेन्डोचे गेम-डिझायनर शिगेरू मियामोतो यांच्या नावावर खपणाऱ्या एका वचनाचा आधार दिला जातो: उशिरा आलेला गेम अखेर चांगला होतो, घाईत आलेला कायमचा वाईट राहतो. ते असे कधी म्हणाल्याची विश्वासार्ह नोंद सापडत नाही, आणि वचनही आता अर्धेच खरे आहे. ‘सायबरपंक 2077’ची तारीख 2020 मध्ये एप्रिलवरून सप्टेंबर, मग नोव्हेंबर आणि शेवटी 10 डिसेंबर झाली. शेवटचा बदल तर गेम ‘गोल्ड’ झाल्याचे, म्हणजे डिस्क छापायला पाठवण्याइतका तयार असल्याचे सांगून झाल्यावर आला. एवढे होऊनही जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की सोनीने आठवडाभरात आपल्या स्टोअरमधून काढला. जून 2021 मध्ये परत घेतला. पुढे पॅच येत गेले आणि गेम सुधारला. म्हणजे घाईत आलेला गेमही कायमचा वाईट राहत नाही.

सर्वांत कडवट गैरसमज भारतीय स्टुडिओंविषयीचा. रिमेक पुण्याहून हलला तेव्हा ‘आपल्या लोकांना जमले नाही’ असे खापर फोडून अनेक जण मोकळे झाले. पण मूळ गेम घडवणाऱ्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे तो साडेतीन वर्षांहून अधिक काळ होता आणि तिथेही तो पूर्णत्वाला गेला नाही. शिवाय रिमेकच्या घोषणेच्या सुमारे तीन आठवडे आधी, 18 ऑगस्ट 2020 रोजी, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ निन्टेन्डो स्विचवर आला होता. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता. तरी गेम पुरा झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. त्यामुळे ‘जमले नाही’चे कारण शहरात शोधण्यात अर्थ नाही.

चाहत्यांच्या ओरडण्याने काही होत नाही, असेही म्हटले जाते. होते. फेब्रुवारी 2021 च्या निवेदनात युबिसॉफ्टने खेळाडूंच्या प्रतिक्रियांचा उल्लेख केला होता. ‘हेलो इन्फिनिट’च्या जुलै 2020 मधल्या झलकेवर टीका झाली आणि पुढच्याच महिन्यात तो गेम वर्षभर लांबला. पण नेमकी टीका वेगळी आणि धमक्या वेगळ्या. 2016 मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ काही आठवडे पुढे गेला, तेव्हा ती बातमी देणाऱ्या पत्रकाराला आणि गेमच्या निर्मात्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने गेम एक दिवसही लवकर आला नाही.

गेम मुंबईत आधी मिळतो आणि जबलपूरला नंतर, हा समज डिस्कच्या काळात चुकीचा म्हणता आला नसता. वितरकाकडून माल येईपर्यंत थांबावेच लागे. डाउनलोडच्या काळात दोन्ही शहरांत गेम एकाच क्षणी उघडतो आणि लांबतोही एकदमच. आगाऊ भरलेले पैसे बुडतात, ही भीतीही सरसकट खरी नाही. रिमेकची आगाऊ नोंदणी नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द करून पैसे परत देण्यात आले, तेव्हा तो अधिकृतपणे रद्द व्हायला तीन वर्षांहून अधिक अवधी होता.