दोष ग्रंथीचा की दारूचा?

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या बाजारात हळद विकायला आलेले एक गृहस्थ दवाखान्यात गेले आहेत, अशी कल्पना करा. चेहरा चंद्रासारखा गोल व लालसर, पोट सुटलेले, पण हातपाय काटकुळे. रक्तदाब वाढलेला, रक्तातील साखरही वाढलेली. हा रोग कोणता?

ही लक्षणे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढल्याची आहेत. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत तयार होते. त्यांना हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी. टाकी भरली की आपण विहिरीवरील मोटर बंद करतो. तसेच कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पीयूषिकेचा हुकूम थांबतो.

पीयूषिकेत गाठ झाली तर मात्र जणू मोटरचे बटणच अडकते. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली अशा रुग्णाचे वर्णन केले आणि १९३२ साली या विकाराचा संबंध पीयूषिकेच्या गाठींशी जोडला. या कुशिंगच्या रोगात गाठ बहुधा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतात.

परंतु फार दारू पिणाऱ्या काही जणांत गाठ नसतानाही हेच चित्र दिसते. येथे बटण शाबूत असते; दारूने ते दाबून धरलेले असते! शिवाय यकृत बिघडले की कॉर्टिसॉलचा निचराही मंदावतो.

मग फरक ओळखावा कसा? रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी माणसात ते उतरते. कुशिंगच्या रोगात उतरत नाही. पण दारू पिणाऱ्यातही कित्येकदा उतरत नाही. एम.आर.आय. काढावे, तर सुमारे १० टक्के निरोगी लोकांच्या पीयूषिकेतही बारीकसा ठिपका सापडतो. घाई केली तर निरोगी ग्रंथीवर शस्त्र चालायचे. उलट ‘दारूच नडली’ म्हणून विषय सोडून दिला, तर खरी गाठ आत वाढत राहायची.

म्हणून आधी दोन साधे प्रश्न. सांधेदुखी वा दम्यासाठी स्टेरॉइडची औषधे घेता का? या लक्षणांचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते. दुसरा प्रश्न, दारू किती घेता? उत्तर ‘रोज, भरपूर’ असेल, तर दारू बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. कॉर्टिसॉल पूर्ववत झाले तर दोष दारूचा. चढेच राहिले तर गाठीचा शोध घ्यायचा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात. स्टेरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे.

प्रयोगशाळेत तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलता आणि परिणाम पाहता. रोग्याच्या खाटेजवळ डॉक्टरही तेच करतात.